दिव्यांग मतदाराला आपल्याच आमदाराला भेटणं एवढं अवघड का पडतं?

२०२४ च्या लोकसभेला देशभर पहिल्यांदाच एक चांगली सोय झाली. ८५ च्या पुढचे ज्येष्ठ आणि किमान ४० टक्के अपंगत्व असलेले मतदार, यांना घरूनच मतदान करता आलं. १२ डी नावाचा फॉर्म भरून द्यायचा, मग ठरलेल्या दिवशी निवडणुकीचं पथक घरी येतं, सोबत पोलीस, व्हिडिओ शूटिंगवाला, आडोसा उभा करतात आणि तुमचं मत पाकिटात बंद करून घेऊन जातात. म्हणजे मत घ्यायचं असलं की यंत्रणा चौथ्या मजल्यावरच्या खोलीपर्यंत पोचते, रानातल्या वस्तीवर पोचते, अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या उशाशी पोचते. पण ते मत ज्याला मिळालं त्या माणसापर्यंत याच मतदाराला जायचं असेल, रेशनचं काम असो, बंद पडलेलं अनुदान असो, गल्लीतला खड्डा असो, तर तिथं कुणी येत नाही, आणि त्यानं जायचं म्हटलं तर वाटेत एकामागून एक अडथळे असतात ज्यांचा बाकीच्यांना पत्ताही नसतो. हे अडथळे नेमके काय आहेत, कायदा काय म्हणतो आणि आत्ता हातात काय आहे ते सोपं करून सांगायचा प्रयत्न करतो.

आधी कायद्याचं थोडं. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा, तो १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. त्यात कलम ११ फक्त मतदानावर आहे, प्रत्येक मतदान केंद्रावर दिव्यांगांना जाता आलं पाहिजे आणि निवडणुकीची माहिती त्यांना समजेल अशी मिळाली पाहिजे असं ते सांगतं. निवडणूक आयोगाने त्यावर कामही केलंय, रॅम्प, व्हीलचेअर, मशीनवर ब्रेल, दिव्यांग मतदारांसाठीचं सक्षम ॲप. निकाल लागल्यानंतरच्या पाच वर्षांसाठी मात्र असं कुठलंच कलम नाही. आणि मुळात आमदाराने किंवा खासदाराने मतदाराला भेटलंच पाहिजे असा कायदा आपल्याकडे कुणासाठीच नाही, दिव्यांग असो वा नसो. संपर्क कार्यालय कुठं काढायचं, कितव्या मजल्यावर, भेटायची वेळ कुठली, हे सगळं ज्याच्या त्याच्या मर्जीवर. भेटीगाठी चालतात त्या रिवाजावर, आणि तो रिवाज पडलाय तो चालता येणाऱ्या, दिसणाऱ्या, ऐकू येणाऱ्या, गर्दीत रेटून पुढं घुसता येणाऱ्या माणसाच्या हिशेबाने.

हे लोक थोडे नाहीत. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात साधारण २९ लाख ६३ हजार दिव्यांग मोजले गेले. विधानसभेच्या जागा २८८. भागाकार केला तर एका मतदारसंघात सरासरी दहा हजार माणसं येतात. यात लहान मुलंही आहेत हे खरं, पण त्या मोजणीत अपंगत्वाचे प्रकारही कमी धरले होते, आता कायद्यात २१ प्रकार आहेत. दहा हजारांच्या आत निकाल लागलेल्या जागा तर प्रत्येक विधानसभेला असतात.

आता भेटीची वाट बघू. पहिली अडचण घरातच सुरू होते, कारण भेट कधी आहे हेच कळत नाही. उद्या जनता दरबार आहे ही बातमी आदल्या रात्री व्हॉट्सॲपवर येते आणि ती येते बॅनरच्या फोटोत, वर साहेबांचा मोठा फोटो, खाली बारीक अक्षरात तारीख वेळ ठिकाण. अंध माणसाच्या मोबाईलमधलं टॉकबॅक टाइप केलेली मराठी छान वाचून दाखवतं, पण फोटोत कोरलेली अक्षरं आली की फक्त फोटो आलाय एवढंच त्याला समजतं. तेच चार ओळी खाली टाइप करून टाकल्या असत्या तर काम झालं असतं, अर्ध्या मिनिटाचं काम आहे ते. ज्याला ऐकू येत नाही त्याचं उलटं, गावात रिक्षावर स्पीकर फिरतो, ग्रुपवर कार्यकर्त्याची व्हॉइस नोट येते, अधिक माहितीसाठी फोन करा असं लिहिलेलं असतं आणि त्या नंबरवर मेसेज टाकला तर उत्तर नाही.

मग पोचणं. एसटीत दिव्यांगांना भाड्यात ७५ टक्के सवलत आहे, ती मोलाची आहे, पण सवलतीने साध्या एसटीची पायरी खाली येत नाही. तालुक्याला जायचं म्हणजे सोबत कुणीतरी लागतं, त्या माणसाची त्या दिवसाची मजुरी बुडते, स्टँडपासून पुढं रिक्षा करावी लागते. आणि एवढं करून गेल्यावर साहेब मुंबईला गेलेत असं कळलं तर? बाकीचा माणूस चडफडत परत जातो आणि परवा पुन्हा येतो, यांना तो परवाचा दिवस पुन्हा जुळवायला महिना लागतो.

आणि मग जिना. माझा मामेभाऊ दोन्ही पायांनी पोलिओग्रस्त आहे, व्हीलचेअर वापरतो. संजय गांधी निराधार योजनेचे त्याचे पैसे आधार लिंकिंगच्या घोळात बंद झाले होते, तहसीलला दाद लागेना म्हणून आम्ही लोकप्रतिनिधीच्या संपर्क कार्यालयात गेलो. खाली मेडिकलचं दुकान, बाजूने अरुंद जिना, जिन्याच्या प्रत्येक पायरीवर चपलांचा ढीग, वर ऑफिस. मी वर जाऊन सांगितलं तर पीए म्हणाले निवेदन आणा, साहेबांना देतो. मी म्हटलं त्याला बोलायचंय. मग दोन तरुण कार्यकर्ते खाली आले, मनाने चांगली पोरं, म्हणाली दादा उचलून नेतो की वर, दोन मिनिटांचं काम. भाऊ नाही म्हणाला. त्यांना ते लागलं, त्यांना वाटलं आपण मदत करतोय आणि हा अडून बसलाय.

तो नाही का म्हणाला हे समजून घ्यायला पाहिजे. अरुंद जिन्यावर माणसाला खुर्चीसकट उचलताना एकाचा पाय घसरला तर पडणारा स्वतःला सावरू शकत नाही, ज्याच्या पायात आधीच ताकद नाही त्याचं हाड मोडलं तर ते जुळायला फार वेळ जातो. बॅटरीवरची व्हीलचेअर असेल तर ती दोघा-चौघांना पायऱ्यांवरून झेपतच नाही. बाई असेल तर चार परक्या पुरुषांनी उचलून न्यायचं, हे कुठल्या बाईला चालेल? आणि वर जाऊन तुम्ही बोलणार काय, तर माझा हक्क द्या, आणि ते बोलायला तुम्ही गेलात सगळ्यांच्या डोळ्यांदेखत पोत्यासारखे उचलले जाऊन. २०२३ मध्ये मुंबईत खारच्या विवाह नोंदणी कार्यालयात हेच झालं होतं, लिफ्ट नाही, अधिकारी खाली यायला तयार नाहीत, व्हीलचेअरवरच्या नवरीला तिच्या लग्नाच्या दिवशी दोन मजले उचलून न्यावं लागलं. तिने ते जगासमोर मांडलं म्हणून बातमी झाली आणि त्यावेळच्या उपमुख्यमंत्र्यांनी माफी मागितली. अशी ऑफिसं गावोगाव आहेत आणि तिथं रोज हे होतं, फक्त बातमी होत नाही.

तळमजला असला म्हणजे प्रश्न संपला असंही नाही. रॅम्पचं गणित साधं असतं, एक फूट उंची चढायची तर बारा फूट लांब उतार हवा, एकास बारा म्हणतात त्याला. तीन पायऱ्यांची उंची दीड फूट धरली तर उतार अठरा फूट होतो. आपल्याकडे तीन पायऱ्यांवर चार फुटांची फरशी तिरकी टाकतात आणि रॅम्प झाला म्हणतात, त्यावर मोटरसायकल चढते, व्हीलचेअर मागे कलंडते. त्याच रॅम्पवर मग मोटरसायकली लावलेल्या असतात. आणि संडास. तीन-तीन तास थांबावं लागतं तिथं व्हीलचेअर आत जाईल असा संडास नसेल तर माणूस सकाळपासून पाणी न पिता येतो. ज्यांना कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, लावावा लागतो, ज्यांना पाठीच्या कण्याची दुखापत आहे, त्यांच्यासाठी हा थेट तब्येतीचा प्रश्न आहे. याबद्दल कुणी बोलत नाही कारण बोलायला लाज वाटते, पण कितीतरी बायका फक्त या एका कारणाने अशा कामांना जातच नाहीत.

आत पोचल्यावर बोलणं. अंध माणूस ऑफिसात बसलेला असतो, साहेब कधी आले, कोणत्या दाराने गेले, आत्ता आपल्यासमोर साहेब आहेत की दुसरंच कुणी, काही कळत नाही. कुणी नाव सांगून बोललं तर प्रश्न मिटतो पण कुणाच्या लक्षात येत नाही. निवेदन लिहून घेणारा कार्यकर्ता सगळ्यांसमोर मोठ्याने विचारतो, किती टक्के आहे, लग्न झालंय का, घरचे बघतात का. खासगी गोष्ट वीस माणसांत जाते. सही करता येत असूनही अंगठाच पुढं करायला लावतात.

बहिऱ्या माणसाला लोक म्हणतात, मग लिहून द्या ना. पण जन्मतः ऐकू न येणाऱ्या अनेकांची पहिली भाषा भारतीय सांकेतिक भाषा असते, तिचं व्याकरण मराठीसारखं नाही आणि शाळेत त्यांना शिकवलेलं असतं ओठ वाचून, त्यामुळे लिहिलेली मराठी तुटक येते. तो तुटक कागद बघून समोरचा समजतो की याला डोकंच कमी आहे, आणि बोलणं तिथंच संपतं. दुभाषी हवा, आणि तालुक्याच्या ठिकाणी दुभाषी मिळत नाही, पण व्हिडिओ कॉलवर मिळू शकतो, आधी सांगितलं असेल तर. बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलामुलीशी तर कुणी बोलतच नाही, बोलतात ते आईशी, मुलगा पंचवीस वर्षांचा मतदार असला तरी. इथं एक गैरसमज फार पसरलाय, की असा माणूस मतदारच नसतो. तसं नाही. सक्षम न्यायालयाने मनोविकल ठरवलेलं असेल तरच नाव वगळता येतं, नुसतं सर्टिफिकेट आहे म्हणून नाही.

या सगळ्यावर एकच तोड सगळे सुचवतात, घरातल्या कुणाला तरी पाठवा ना. मला या लेखात सगळ्यात जास्त हेच सांगायचंय, की ही तोडच प्रश्नाचा मोठा भाग आहे. भाऊ जातो तेव्हा तो भावाच्या नजरेतून दिसलेली अडचण मांडतो. बहिणीला नोकरी हवी असते, भाऊ तिच्यासाठी अनुदान मागून येतो. बापाला वाटतं पोराला तीनचाकी मिळावी, पोराला वाटतं रस्त्यावरची गटाराची झाकणं नीट बसवावीत म्हणजे आहे ती खुर्ची तरी चालेल. कधीकधी तर तक्रार घरच्यांबद्दलच असते, पेन्शन दुसराच काढून घेतो, जमिनीच्या सातबारावरून नाव उडवलंय, मारहाण होते, मग ती तक्रार घेऊन कुणाला पाठवायचं? आणि लोकप्रतिनिधीच्या बाजूने बघितलं तर त्याने पाच वर्षांत दिव्यांग माणूस बघितलेला असतो फक्त साहित्य वाटपाच्या कार्यक्रमात, स्टेजवर, फोटोपुरता. त्याला खरंच वाटतं की या लोकांना सायकल आणि काठी सोडून काही मागायचं नसतं. रस्ता, पाणी, शाळा, पोलीस, वीजबिल यावर त्यांचंही मत असतं हे त्याच्यापर्यंत पोचतच नाही, कारण ते सांगणारा माणूस जिन्याखाली थांबलेला असतो.

मग कायद्यात काहीच नाही का? आहे, फक्त ते थेट लोकप्रतिनिधीचं नाव घेत नाही. याच २०१६ च्या कायद्यात सार्वजनिक इमारतीची व्याख्या दिलीय आणि त्यात सर्वसामान्य लोकांचा वावर असलेली खासगी इमारतही येते. माझ्या वाचनाप्रमाणे रोज लोकांची वर्दळ असलेलं संपर्क कार्यालय त्यात बसतं, भाड्याचं असो की स्वतःचं. ग्रामपंचायत, पंचायत समिती, नगरपालिका, जिल्हा परिषद यांच्या इमारतींबद्दल तर वादच नाही. कलम ४५ प्रमाणे जुन्या सार्वजनिक इमारती नियम निघाल्यापासून पाच वर्षांत सुगम, म्हणजे दिव्यांगांना वावरता येईल अशा, करायच्या होत्या, नियम जून २०१७ मध्ये निघाले, म्हणजे मुदत जून २०२२ मध्येच संपली. कलम ४४ म्हणतं की नवी इमारत निकषांत बसत नसेल तर तिला पूर्णत्वाचा दाखलाच द्यायचा नाही. मग गाडी अडली कुठं? राजीव रतुरी या दृष्टिहीन याचिकाकर्त्यांनी २००५ मध्ये केलेली केस सुप्रीम कोर्टात वर्षानुवर्षं चालली आणि ८ नोव्हेंबर २०२४ ला कोर्टाने सांगितलं की केंद्राच्या नियमांमधला नियम १५ मूळ कायद्याशी विसंगत आहे, कारण कायदा सक्ती करतो आणि नियमांनी त्याच्या नुसत्या सूचना करून टाकल्या. कोर्टाने केंद्राला तीन महिन्यांत सक्तीचे निकष करायला सांगितलं. इतकी वर्षं रॅम्प नसला तरी कुणाला काही झालं नाही याचं मोठं कारण हे होतं.

गावात राहणाऱ्यांसाठी एक गोष्ट फार कामाची आहे आणि ती कमी वापरली जाते, ग्रामसभा. आमदाराने भेटलंच पाहिजे असा कायदा नाही म्हटलं, पण ग्रामसभा घ्यावीच लागते, वर्षाला किमान चार, २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या तारखांच्या आसपास बहुतेक ठिकाणी होतात, आणि त्या बोलावल्या नाहीत तर सरपंचाचं पद अडचणीत येऊ शकतं. तिथं गावचा प्रत्येक मतदार सभासद आहे. निवडून आलेल्या माणसाला तुमच्यासमोर बसावं लागतं अशी ही जवळपास एकच जागा. तिथंच विचारायचं की ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के दिव्यांग कल्याण निधी या वर्षी कशावर खर्च केला, त्याचा हिशेब वाचून दाखवा. ग्रामसभा देवळाच्या सभामंडपात असेल आणि तिथं पायऱ्या असतील तर ती शाळेच्या मैदानात घ्या अशी मागणी आधी लेखी द्यायची, सचिव म्हणून ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे, म्हणजे पूर्वीच्या ग्रामसेवकाकडे. शहरात हे सोपं नाही. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढं तीन वर्षांहून जास्त काळ तिथं प्रशासक होता, बऱ्याच शहरांत तसंच झालं, म्हणजे त्या काळात चालत जाण्याच्या अंतरावरचा नगरसेवकच नव्हता आणि गटाराच्या झाकणासाठीही आमदाराकडे जावं लागायचं. चालता येणाऱ्यालाही याचा त्रास झाला, न येणाऱ्याची काय गत झाली असेल बघा.

प्रतिनिधीच दिव्यांग असेल तर? असे लोक निवडून आलेत. साधन गुप्ता १९५३ मध्ये कलकत्त्यातून लोकसभेवर गेले, दृष्टिहीन होते. जयपाल रेड्डी पोलिओमुळे कुबड्यांवर चालायचे, केंद्रात मंत्री झाले. पण असे मोजकेच. तमिळनाडूने २०२५ मध्ये कायदा बदलून स्थानिक संस्थांमध्ये दिव्यांगांना नियुक्त सदस्य म्हणून घ्यायची तरतूद केली, ती मला फार महत्त्वाची वाटते, कारण सभागृहात एक माणूस व्हीलचेअरवर बसलेला असला की रॅम्प मागावा लागत नाही, तो आधी करावाच लागतो. महाराष्ट्राने स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग काढला २०२२ मध्ये, मग ही तरतूद आपल्याकडे का होऊ नये?

आता आत्ताच्या आत्ता काय करता येईल. भेट मागताना नुसतं भेटायचंय असं न सांगता काय लागेल ते आधीच लिहून कळवा, व्हॉट्सॲपवर मजकूर टाइप करून आणि ऑफिसच्या ईमेलवरही. साधारण असं: मी तुमच्या मतदारसंघातला मतदार आहे, व्हीलचेअर वापरतो, तुमचं ऑफिस पहिल्या मजल्यावर आहे, त्यामुळे शासकीय विश्रामगृहात किंवा पंचायत समितीत तळमजल्यावर वेळ द्यावी, माझं काम अमुक आहे, सोबत येणारा माणूस मदतीला आहे पण बोलणार मी. शेवटचं वाक्य नक्की घाला, फार फरक पडतो. सांकेतिक भाषेचा दुभाषी व्हिडिओ कॉलवर असेल तर तेही लिहा, म्हणजे साहेब फोनकडे न बघता तुमच्याकडे बघून बोलतील. अंथरुणावर असाल तर घरी या असं सांगायला संकोच करू नका, मतं मागायला आले होतेच. मतदार यादीत तुमची दिव्यांग म्हणून नोंद आहे का तेही बघा, नसेल तर फॉर्म ८ भरून करता येते.

लोकप्रतिनिधींच्या ऑफिसातलं कुणी हे वाचत असेल तर, यातल्या बऱ्याच गोष्टींना पैसा लागत नाही. महिन्यातला एक दिवस तळमजल्यावर बसा, ती वेळ फोटोऐवजी टाइप करून टाका, नंबरवर मेसेजला उत्तर द्या, माणसाशी बोला, सोबतच्याशी नको, अंध माणूस आला की आधी स्वतःचं नाव सांगा.

आणि काहीच झालं नाही तर, सरकारी इमारत असेल तर तिथल्या कार्यालयप्रमुखाकडे अर्ज द्या. तिथं दाद लागली नाही तर पुण्यात राज्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांचं कार्यालय आहे, तिथं लेखी तक्रार करा. आयुक्तांना चौकशीसाठी दिवाणी न्यायालयाचे काही अधिकार आहेत, ते संबंधितांना बोलावू शकतात, कागद मागवू शकतात, आणि त्यांनी केलेल्या शिफारशीवर तीन महिन्यांत काय केलं हे त्या कार्यालयाला कळवावं लागतं, मानली नाही तर कारण द्यावं लागतं. तक्रारीसोबत पायऱ्यांचे फोटो, तुम्ही भेट मागितलेल्या मेसेजचे स्क्रीनशॉट आणि दिव्यांग प्रमाणपत्राची किंवा यूडीआयडी कार्डाची (दिव्यांगांच्या ओळखपत्राची) प्रत लावा, पोच घ्या, आणि आवक क्रमांक पोचेवर आहे का ते तिथंच तपासा, कारण पुढची सगळी विचारणा त्या नंबरवरच होते.